ट्यूब गिटार अ‍ॅम्प : बुटीक घ्यावा की बजेट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूब अ‍ॅम्प घेण्याच्या विचारात असलेल्या गिटारवादकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, म्हणजे ट्यूबच्या, साह्याने गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा खरेदी करणाऱ्यांचे आहेत, तर पुढचे अडचणीच्या आणि अपवादात्मक प्रसंगांचे. किमती अमेरिकी बाजारातल्या आणि अंदाजे आहेत. भारतात आणताना वाहतूक आणि आयात शुल्क धरून त्या बऱ्याच वाढतात.

१. ‘बुटीक’ आणि ‘बजेट’ हा फरक नेमका कशावरून करायचा?

या दोन शब्दांची ठरलेली व्याख्या नाही, त्यामुळे केवळ किमतीवरून किंवा कंपनीच्या नावावरून निष्कर्ष काढू नये. साधारणपणे मोठ्या कारखान्यात, छापील सर्किट बोर्डावर, हजारोंच्या संख्येने तयार होणाऱ्या अ‍ॅम्पला बजेट म्हणतात. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, व्हॉक्सचा एसी १५ सी १, मार्शलचा डीएसएल २० आणि बुगेराचा व्ही २२ ही त्यातली परिचित नावे असून त्यांच्या किमती ढोबळमानाने ४०० ते १००० डॉलरच्या दरम्यान असतात. बुटीक अ‍ॅम्प छोट्या कार्यशाळेत, थोड्या संख्येने आणि बहुतेक वेळा हाताने जोडून तयार होतो. लॉस एंजेलिसमध्ये १९८९ साली सुरू झालेली मॅचलेस, ओहायोतली डॉक्टर झी, नॉर्थ कॅरोलायनातली कार, इलिनॉयमधली व्हिक्टोरिया आणि कॅलिफोर्नियातली टू-रॉक या तशा कंपन्या आहेत. त्यांचे अ‍ॅम्प साधारण २००० डॉलरपासून सुरू होतात आणि ५००० च्याही पुढे जातात.

या दोहोंच्या मधला एक वर्ग बरेच जण विसरतात. फेंडर आणि व्हॉक्स यांच्यासारख्या मोठ्या कंपन्याही काही मॉडेल हाताने जोडून विकतात, आणि बांधणीच्या दृष्टीने ती बुटीकच्याच रांगेत बसतात. म्हणून पुढच्या सर्व उत्तरांत कंपनीच्या आकारापेक्षा बांधणीकडे पाहिले आहे.

२. सर्किट जवळजवळ तेच असते, मग किंमत चार-पाच पट कशी?

सर्किट तेच असते हे खरे आहे, आणि ही गोष्ट ग्राहकाने आधी नीट समजून घ्यावी. आजचे बहुसंख्य ट्यूब अ‍ॅम्प मोजक्या जुन्या आराखड्यांचे वंशज आहेत : फेंडरचा १९५० च्या दशकातला ट्वीड डिलक्स, त्याच काळाच्या अखेरीचा बॅसमन, इंग्लंडमधला व्हॉक्स एसी ३० आणि मार्शलचा जेटीएम ४५. यातला जेटीएम ४५ तर १९६० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या हॅनवेल भागातल्या मार्शलच्या दुकानात बॅसमन समोर ठेवूनच घडवला गेला. बॅसमनमध्ये पहिली ट्यूब १२ एवाय ७ होती. मार्शलने तिथे अधिक गेनची (संकेत जास्त वाढवणारी) ईसीसी ८३ वापरली, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ब्रिटिश बसवले, आणि एवढ्या बदलांनी आवाजाचा सारा स्वभाव पालटला. बुटीक आणि बजेट यांच्यातले अंतर समजायला हे एक उदाहरण पुरेसे आहे, कारण आराखडा कागदावर सारखा असला तरी ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि ट्यूब यांची निवड तो प्रत्यक्षात वेगळा करते.

पैसा मुख्यतः चार ठिकाणी जातो. पहिले म्हणजे कुशल हातांचे तास. दुसरे म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबची शक्ती स्पीकरला जुळवून देणारा भाग) : त्याच्या लोखंडी गाभ्याचा आकार आणि तांब्याच्या गुंडाळ्या एकमेकींत किती थरांनी गुंफल्या आहेत, यावर खालच्या स्वरांचा भरीवपणा आणि वरच्या स्वरांची मोकळीक अवलंबून असते. तिसरे कॅबिनेट, पाइनच्या सलग फळ्या किंवा बर्च प्लायवुड एकीकडे आणि भुशाचे दाबीव बोर्ड दुसरीकडे. चौथे स्पीकर, ज्याचा विचार प्रश्न ५ मध्ये केला आहे. उरलेली रक्कम छोट्या प्रमाणावरच्या खरेदीमुळे आणि नावाच्या मोलामुळे वाढते. नावाचे मोल फसवे असते असे मला वाटत नाही, कारण विकताना ते बऱ्याच अंशी परत मिळते. मात्र त्याने आवाज सुधारत नाही.

३. हाताने जोडलेल्या अ‍ॅम्पचा आवाज सर्किट बोर्डापेक्षा खरोखर चांगला असतो का?

केवळ हाताने जोडला म्हणून चांगला असत नाही. विजेच्या प्रवाहाला तार आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी यांत कानाला जाणवेल असा फरक पडत नाही. रचना चुकली तर दोन्हींत घरघर येते. फरक पडतो तो दुरुस्तीत आणि आयुष्यात.

स्वस्त अ‍ॅम्पची मागची फळी काढून चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) उलटा केला, की अनेकदा ट्यूबचे सॉकेट, नॉब आणि इनपुट जॅक थेट बोर्डावरच डाग देऊन बसवलेले दिसतात. ट्यूब तापते, सॉकेट तापतो आणि त्याच्याभोवतीचा डाग वर्षानुवर्षे गरम-गार होत राहतो. शेवटी त्याभोवती केसाएवढी बारीक गोल भेग पडते आणि आवाज मधूनच जायला लागतो. केबल ओढली गेली की जॅकच्या मुळाशीही तेच होते. एक कपॅसिटर बदलायचा तरी सगळे नॉब आणि नट काढून अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. हाताने जोडलेल्या अ‍ॅम्पमध्ये सॉकेट आणि जॅक चॅसिसच्या पत्र्याला घट्ट बसवलेले असतात, सुटे भाग टरेट किंवा आयलेट बोर्डावर (धातूच्या खुंट्या किंवा कड्या ठोकलेल्या पट्टीवर) मोकळेपणाने मांडलेले असतात, आणि सोल्डरिंगची सवय असलेला कारागीर खराब रेझिस्टर थोड्या वेळात बदलू शकतो.

तरीही बोर्ड म्हणजे वाईट असे समीकरण मांडू नये. जाड बोर्ड, आरपार मुलामा दिलेली छिद्रे आणि चॅसिसला बसवलेले सॉकेट असतील तर असा अ‍ॅम्प दशके टिकतो. दुकानदाराला ‘हाताने जोडलेला आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘सॉकेट कशावर बसवले आहेत’ असे विचारावे; त्या उत्तरातून अधिक कळते.

४. मी घरीच वाजवतो. किती वॅटचा अ‍ॅम्प घ्यावा?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी वॅटचा. शक्ती दुप्पट केली तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणजेच ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या तुलनेत जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटला एका मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो, तेव्हा सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या घरात ५ वॅटचा अ‍ॅम्पही पूर्ण उघडता येत नाही.

येथे बजेट अ‍ॅम्पची बाजू वरचढ ठरते. बुगेराच्या व्ही ५ मध्ये ५, १ आणि ०.१ वॅट अशी निवड करता येते. ऑरेंजच्या टायनी टेररमध्ये १५ आणि ७ वॅट. याउलट जुन्या आराखड्यांवर निष्ठेने बांधलेल्या अनेक बुटीक अ‍ॅम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे अखेरचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब, नसतो, आणि त्यांचा खरा स्वर ट्यूबवर भार पडू लागल्यावरच उमलतो. असा अ‍ॅम्प घेऊन तो कायम दीडवर ठेवायचा असेल, तर ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती कधी ऐकायलाच मिळत नाही. आवाज उतरवणाऱ्या अ‍ॅटेन्युएटरविषयी प्रश्न १० पाहा.

५. बजेट अ‍ॅम्पचा स्पीकर बदलला तर तो बुटीकच्या जवळ जातो का?

पुष्कळ जवळ जातो, आणि खर्च करायचाच असेल तर सर्वात आधी येथे करावा. एसी १५ सी १ सारख्या काही बजेट अ‍ॅम्पमध्ये नामांकित स्पीकर मुळातच असतो. पण बहुतेक स्वस्त अ‍ॅम्पमध्ये किंमत खाली आणताना स्पीकरवर आधी कात्री चालते. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा आणि साधारण ९८ डेसिबलचा, तर व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा आणि १०० डेसिबलचा आहे. पहिला मऊ आणि थोडा खरखरीत, दुसरा मध्य सप्तकात पुढे येणारा. मूळ स्पीकर ९५ डेसिबलचा असेल आणि तो काढून १०० डेसिबलचा लावला, तर आवाजाच्या पातळीत शक्ती तिप्पट केल्याएवढा फरक पडतो. वाद्यवृंदात ड्रमच्या मागे दबून जाणारा छोटा अ‍ॅम्प अशा वेळी अचानक ऐकू येऊ लागतो.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नव्या स्पीकरचे ओहम (विद्युत रोधाचे माप) मूळ स्पीकरइतकेच असावेत, आणि त्याची वॅट-क्षमता अ‍ॅम्पपेक्षा निश्चित जास्त असावी, कारण १५ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण फाटल्यावर (आवाज खरखरीत होऊन विकृत झाल्यावर) प्रत्यक्षात त्याहून अधिक शक्ती बाहेर टाकतो. शिवाय नवा स्पीकर सुरुवातीला ताठ आणि कर्कश वाटतो, म्हणून दोन दिवसांत त्याच्याविषयी मत बनवू नये. स्पीकर बदलूनही न बदलणारी गोष्ट म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो लहान असेल तर खालचे स्वर मोठ्या आवाजात पसरट आणि ढिले राहतात.

६. महागड्या जुन्या ट्यूब घातल्या तर?

निराशाच होण्याचा संभव अधिक. चांगल्या आणि चाचणी केलेल्या चालू उत्पादनाच्या ट्यूब पुरेशा आहेत. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीच्या ट्यूब सहज मिळतात. सर्वात आधीची, गिटारचा क्षीण संकेत प्रथम वाढवणारी प्रीअ‍ॅम्प ट्यूब बदलून पाहणे हा स्वस्त आणि उपयुक्त प्रयोग आहे. पॉवर ट्यूब, म्हणजे शेवटी स्पीकरला शक्ती पुरवणारी ट्यूब, बदलताना मात्र बायसचा, म्हणजे काही वाजत नसताना ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा याचा, प्रश्न येतो. फेंडरच्या हॉट रॉड डिलक्समध्ये तो जुळवण्याचा पॉट (छोटा फिरता नियंत्रक) आत दिलेला आहे, तर ब्लूज ज्युनियरमध्ये तो दिलेला नाही. कॅथोड बायसच्या, म्हणजे ट्यूब स्वतःच बायस सांभाळते अशा, अ‍ॅम्पमध्ये, उदाहरणार्थ एसी ३० किंवा ट्वीड डिलक्समध्ये, तो वेगळा जुळवावा लागत नाही.

७. दुकानात किंवा जुन्या मालकाच्या घरी अ‍ॅम्प कसा तपासावा?

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जावे. अ‍ॅम्प सुरू करून काहीही न वाजवता व्हॉल्यूम हळूहळू वाढवावा आणि ऐकावे : एकसारखी मंद घरघर थोडीशी चालते, मधूनच फुटाण्यासारखे तडतड आवाज येणे किंवा स्वर हळूहळू विरत जाणे चालत नाही. त्यानंतर लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक लहान ट्यूबवर अगदी हलकी टिचकी द्यावी. स्पीकरमधून ठण्ण असा आवाज उमटत राहिला, तर ती ट्यूब मायक्रोफोनसारखी वागत आहे. ती बदलणे सोपे असते, पण किंमत ठरवताना हे बोलता येते. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून पाहावा. किमान अर्धा तास वाजवावे, कारण तापल्यावर उद्भवणारे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत.

मागची जाळी उघडी असेल तरी आत बोट घालू नये. या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो भार काही काळ राहू शकतो. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प सुरू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

८. अमेरिकेतला भाऊ येताना अ‍ॅम्प आणणार आहे. तो भारतात चालेल का?

थेट चालणार नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तर आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते. काही अ‍ॅम्पच्या आत दोन्ही व्होल्टेजची सोय असते आणि कारागीर ती बदलून देतो; पण अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये ती नसते. खरेदीपूर्वी निर्मात्याला मॉडेल आणि क्रमांक कळवून विचारावे. बुटीक निर्मात्यांचा येथे खरा फायदा होतो, कारण ऑर्डर देतानाच २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवून मागता येतो.

सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळू शकतो, पण निवडताना अ‍ॅम्पचे आउटपुट वॅट पाहून घेऊ नये. २२ वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. मागच्या पट्टीवर लिहिलेला आकडा पाहावा आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याच्या आउटपुटला अर्थिंग पोहोचते की नाही, हे मीटर लावून तपासून घ्यावे, कारण गिटारच्या तारांना आपला हात लागलेला असतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की व्होल्टेज उतरवले तरी हर्ट्झ बदलत नाहीत. फक्त ६० हर्ट्झसाठी बेताचा बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. पहिल्या दिवशी तासभर सुरू ठेवून ट्रान्सफॉर्मर हात ठेवण्याजोगा राहतो का, हे प्लग काढून बाहेरून पाहावे.

९. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात कोणता प्रकार टिकतो?

सगळेच बुटीक येथे जिंकत नाहीत. दाबीव भुशाचे कॅबिनेट दमट हवेत कडांना फुगते आणि स्क्रू पकडत नाही, त्यामुळे प्लायवुडचे किंवा सलग लाकडाचे कॅबिनेट निश्चित बरे. पण जुन्या फेंडरमधले मेणवलेले काळे फायबर बोर्ड ओल शोषून किंचित वीजवाहक होऊ शकतात, आणि मग नको तेथे व्होल्टेज पोहोचून खरखर येते. हुबेहूब जुन्यासारखा म्हणून तोच बोर्ड वापरणारा महागडा अ‍ॅम्प समुद्रकाठी त्रास देऊ शकतो. काच-इपॉक्सीचा बोर्ड अशा हवेत फार सरस. निर्मात्याला हे विचारण्यात संकोच करू नये. पावसाळ्यात अ‍ॅम्प आठवड्यातून एकदा तरी तासभर सुरू ठेवावा. आतल्या ट्यूबची ऊब ओल घालवते, आणि कपड्याच्या कव्हरात महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

१०. अ‍ॅटेन्युएटर लावून मोठा बुटीक अ‍ॅम्प घरी वापरता येईल का?

येईल, पण मर्यादेत. अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून बरीचशी शक्ती उष्णतेत घालवतो. थोडासा आवाज उतरवला तर स्वर जवळपास तसाच राहतो. फार उतरवला तर तो मंद आणि चपटा वाटतो, कारण स्पीकरचा कागद पुरेसा हलत नाही आणि आपले कानही हळू आवाजात खालचे-वरचे स्वर कमी ऐकतात. पॉवर ट्यूब मात्र पूर्ण वेगाने झिजत राहतात. ४० वॅटचा अ‍ॅम्प आणि चांगला अ‍ॅटेन्युएटर यांच्या एकत्र किमतीत घरासाठी योग्य लहान अ‍ॅम्प येत असेल, तर मी दुसरा पर्याय सुचवेन.

११. खोक्यावर ‘ट्यूब’ आणि ‘क्लास ए’ लिहिले आहे. याचा अर्थ तो उत्तमच, असे समजावे का?

नाही. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये एकच १२ एएक्स ७ ट्यूब प्रीअ‍ॅम्पमध्ये असते आणि पुढची सारी शक्ती ट्रान्झिस्टरमधून येते. मार्शलची व्हॉल्व्हस्टेट मालिका तशी होती. ते वाईट असतात असे नाही, पण पॉवर ट्यूबवर भार पडून येणारा लवचीकपणा त्यात नसतो. मागे डोकावून ईएल ८४, ६ व्ही ६, ईएल ३४ किंवा ६ एल ६ अशी पॉवर ट्यूब आहे का, ते पाहावे. ‘क्लास ए’ हा शब्द तर सढळपणे वापरला जातो. त्याचा अर्थ पॉवर ट्यूब सतत सुरू राहते, मध्येच बंद होत नाही. एका पॉवर ट्यूबचा ५ वॅटचा फेंडर चँप खरोखर क्लास ए आहे. एसी ३० तसा म्हणून गाजला, पण पूर्ण आवाजावर त्याच्या ट्यूब आळीपाळीने बंद होतात, म्हणजे तेव्हा तो क्लास एबी असतो. तरीही त्याचा स्वर जगभर मान्य आहे, तेव्हा या अक्षरांवरून खरेदी ठरवू नये.

१२. किट आणून स्वतः जोडला तर बुटीक स्वस्तात पडेल का?

पडतो, पण ज्याला सोल्डरिंग आणि मीटर यांची सवय आहे त्यालाच. मलेशियातली सेरियाटोन आणि अमेरिकेतली वेबर यांच्याकडे प्रसिद्ध आराखड्यांचे संच मिळतात. पहिल्यांदाच ४०० व्होल्टच्या सर्किटला हात लावणाऱ्याने जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच हे करावे. दुसरा मार्ग म्हणजे एखादा अगदी साधा अ‍ॅम्प सुधारणे. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर, एक १२ एएक्स ७ आणि एक ईएल ८४ एवढ्यावर चालणारा ५ वॅटचा अ‍ॅम्प, याच कारणासाठी हौशी लोकांत प्रिय झाला.

१३. मी जोरदार मेटल वाजवतो. बुटीक घेतला तर फरक पडेल का?

फार वेळा अपेक्षेइतका नाही. भरपूर गेनमध्ये स्वराची विकृती (डिस्टॉर्शन) प्रीअ‍ॅम्पमध्येच ठरते, आणि ट्रान्सफॉर्मर किंवा जुन्या आराखड्याची नजाकत तिच्याखाली झाकली जाते. ट्वीड किंवा एसी ३० च्या घराण्यातला महागडा अ‍ॅम्प घेऊन त्यापुढे डिस्टॉर्शन पेडल लावण्यापेक्षा मार्शल डीएसएल आणि चांगले बंद पाठीचे कॅबिनेट घेणे अधिक शहाणपणाचे. हेच पैसे क्लीन आणि किंचित फाटलेल्या स्वरात वाजवणाऱ्याला मात्र पूर्ण परत मिळतात. बोटांचा जोर कमी-जास्त केल्यावर अ‍ॅम्प जसा उत्तर देतो, त्यातच बुटीकची सारी कमाई असते.

१४. मग बुटीक कोणी घ्यावा, आणि जुना घेतला तर?

ज्याला हवा असलेला स्वर नावानिशी सांगता येतो, म्हणजे ‘६ व्ही ६ च्या जोडीचा, कॅथोड बायसचा, तीनवर फाटायला लागणारा’ असे ज्याला स्वच्छ माहीत आहे, त्याने घ्यावा. ज्याला अजून फेंडर घराणे आणि व्हॉक्स घराणे यांतला आपला कल ठरवायचा आहे, त्याने बजेट अ‍ॅम्पवर दोन-तीन वर्षे काढावीत. जुना बुटीक हा बहुधा नव्याहून चांगला सौदा असतो, कारण पहिल्या मालकाने नवेपणाची किंमत सोसलेली असते आणि त्यानंतर भाव फारसा उतरत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल तर फिल्टर कपॅसिटर (आतला वीजपुरवठा सुरळीत करणारे भाग) बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. तपासणी प्रश्न ७ प्रमाणेच करावी.

१५. निर्माता हयात नसेल किंवा कार्यशाळा बंद झाली असेल, तर असा अ‍ॅम्प घ्यावा का?

हे त्या अ‍ॅम्पचा आराखडा उपलब्ध आहे की नाही, यावर अवलंबून आहे. ट्रेनरेक या छोट्या कंपनीचे निर्माते केन फिशर २००६ साली आणि स्वतःच्या नावाने अ‍ॅम्प बांधणारे अलेक्झांडर डंबल २०२२ साली निवर्तले. दोघांचे अ‍ॅम्प संख्येने इतके थोडे आहेत की ते आता संग्राहकांच्याच बाजारात फिरतात. डंबल आपल्या अनेक अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पवर इपॉक्सी ओतून सर्किट झाकून टाकत. आजही काही छोटे निर्माते तसे करतात, आणि आतला एक रेझिस्टर गेला तर तो शोधण्यासाठी सारा थर खरवडावा लागतो. म्हणून छोट्या कार्यशाळेचा अ‍ॅम्प घेताना तीन गोष्टी आधी मागाव्यात : संपूर्ण सर्किटचा कागद, ट्रान्सफॉर्मरचा निर्माता आणि क्रमांक, आणि चॅसिसच्या आतले स्पष्ट छायाचित्र. छायाचित्रात काळा किंवा पांढरा थर दिसला आणि कागद द्यायला नकार मिळाला, तर स्वर कितीही आवडला तरी तो अ‍ॅम्प न घेणे बरे.